‘डिजिटल म्हणजे स्वच्छ’ : एका अर्धसत्याची तपासणी

काही वर्षांपूर्वी एका शिक्षक प्रशिक्षण शिबिरात ‘संदेशवहन’ या विषयावर बोलण्याची संधी मला मिळाली होती. अ‍ॅनालॉग आणि डिजिटल यांतला फरक मी नेहमीच्या पद्धतीने सांगितला. फळ्यावर एक नागमोडी रेघ काढली, तिच्या खाली शून्य आणि एक यांची चौकोनी पायऱ्यांची रेघ काढली, दोन्ही रेघा खडूने थोड्या खराब केल्या आणि म्हणालो, ‘‘पाहा, नागमोडी रेघ बिघडली ती बिघडलीच. पण चौकोनी रेघेत शून्य कुठे आणि एक कुठे, हे अजूनही ओळखता येते. म्हणून डिजिटल प्रक्षेपणात गोंगाट नसतो. चित्र स्वच्छ दिसते.’’

व्याख्यान संपल्यावर कोकणातल्या एका माध्यमिक शाळेतल्या बाई उठल्या. त्या म्हणाल्या, ‘‘सर, आमच्याकडे पूर्वी छपरावरच्या अँटेनावर दूरदर्शन दिसायचं. पावसात मुंग्या यायच्या, पण बातम्या कळायच्या. आता डिश आहे. एरवी चित्र अगदी स्वच्छ. पण जोराचा पाऊस आला की आधी चित्राचे चौकोन होतात, मग ते गोठतं आणि मग काहीच नाही. गोंगाट नसतो, तर मग हे काय आहे?’’

‘‘पावसाने सिग्नल कमी होतो,’’ असे उत्तर देऊन मी वेळ मारून नेली. ते खोटे नव्हते, पण बाईंच्या प्रश्नाचे ते उत्तरही नव्हते. सिग्नल पूर्वीही कमी होत असे. तेव्हा चित्र हळूहळू खराब होई, आता ते एकदम का जाते, असा त्यांचा प्रश्न होता. शिबिरातून परतताना लक्षात आले की, चूक माझ्या उत्तरात नव्हती, ती आधीच्या वाक्यात होती. ‘डिजिटल प्रक्षेपणात गोंगाट नसतो’ हे वाक्य आपण लेखांतून, व्याख्यानांतून आणि जाहिरातींतून इतक्या वेळा ऐकले आहे की, ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. मलाही वाटले नव्हते. ती तपासणी येथे करू या.

वाक्यात खरे किती?

प्रथम या वाक्याला त्याचे श्रेय देऊ. अ‍ॅनालॉग दूरचित्रवाणीत चित्राचा प्रत्येक ठिपका किती उजळ असावा, हे लहरीच्या उंचीवरून ठरत असे. वाटेत मिसळलेला प्रत्येक अनाहूत चढउतार, म्हणजेच गोंगाट, थेट पडद्यावर उमटे. आपण त्याला मुंग्या म्हणत होतो. डोंगरावर किंवा इमारतीवर आपटून उशिरा पोहोचलेली लहर मूळ चित्राशेजारी त्याची फिकट सावली काढी. मधेच कुठे ‘दुरुस्ती’ करण्याची सोय नव्हती, कारण कोणता चढउतार मूळचा आणि कोणता वाटेतला, हे संचाला कळण्याचा काही मार्गच नव्हता.

डिजिटल प्रक्षेपणात पाठवता येतील अशी चिन्हे मोजकी आणि आधी ठरलेली असतात. मिळालेले चिन्ह थोडे विस्कटलेले असले, तरी ते त्यातल्या कोणत्या चिन्हाच्या सर्वांत जवळ आहे, हे पाहून मूळ चिन्ह तंतोतंत परत मिळवता येते. शिवाय काही जादा बिट्स पाठवून चुका शोधता आणि दुरुस्तही करता येतात. त्यामुळे एका मर्यादेपर्यंत गोंगाटाचा पडद्यावर मागमूसही दिसत नाही. इतके खरे आहे, आणि ते थोडे नाही.

परंतु ‘एका मर्यादेपर्यंत’ हे शब्द आपण गाळतो. ती मर्यादा ओलांडली की चुका इतक्या वाढतात की दुरुस्तीची यंत्रणाच कोलमडते. पूर्ण स्वच्छ चित्र आणि कोरा पडदा यांच्यात फार थोडे अंतर असते. अभियंते या जागेला ‘कडा’ म्हणतात, आणि शब्द चपखल आहे. अ‍ॅनालॉगचा होता तो उतार, डिजिटलचा हा कडा. गोंगाट नाहीसा झालेला नाही. तो कड्याच्या अलीकडे असेपर्यंत आपल्याला दिसत नाही, एवढेच.

त्यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. हा कडा कुठे असावा, हे कोण ठरवते?

रांगोळीचे ठिपके

हे समजून घेण्यासाठी ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा. जमिनीवर ४२ सेंटिमीटर बाजूचा चौरस आखा. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठिपके काढले, तर शेजारच्या ठिपक्यांत ४२ सेंटिमीटर अंतर राहते. त्याच चौरसात ४ × ४ म्हणजे १६ ठिपके बसवले, तर अंतर १४ सेंटिमीटर होते. ८ × ८ म्हणजे ६४ ठिपके बसवले, तर ते अवघे ६ सेंटिमीटर उरते.

डिजिटल प्रक्षेपक नेमके हेच करतो. एकाच कंप्रतेच्या, पण पाव आवर्तनाने मागेपुढे असलेल्या दोन लहरी तो एकत्र पाठवतो. एका लहरीची उंची म्हणजे ठिपक्याचे डावे-उजवे स्थान, दुसरीची उंची म्हणजे वर-खाली स्थान. चार ठिपक्यांपैकी एक निवडणे म्हणजे २ बिट्स पाठवणे, कारण दोन बिट्सच्या चारच जोड्या होतात. या पद्धतीला क्यूपीएसके म्हणतात. १६ ठिपक्यांतून एक निवडला तर ४ बिट्स जातात, ही १६-क्वाम. ६४ ठिपक्यांतून ६ बिट्स जातात, ही ६४-क्वाम. म्हणजे तेवढ्याच वेळात आणि तेवढ्याच कंप्रतापट्ट्यात चार ठिपक्यांच्या तिप्पट माहिती गेली. मात्र चार ठिपक्यांच्या रांगोळीत हात वीस सेंटिमीटर चुकला तरी आपण योग्य ठिपका ओळखू शकतो. चौसष्टच्या रांगोळीत तो साडेतीन सेंटिमीटर चुकला की आपण शेजारच्या ठिपक्यावर पोहोचलो. हाताची ही चूक म्हणजेच गोंगाट.

ही झाली पहिली खुंटी. दुसरी खुंटी दुरुस्तीच्या बिट्सची. पत्र्याच्या छपराच्या वर्गात पाऊस कोसळत असताना श्रुतलेखन घेण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल. अशा वेळी आपण शब्द दोनदा-तीनदा उच्चारतो. मुलांच्या चुका कमी होतात, पण तासाभरात उतारा निम्माच होतो. डिजिटल प्रक्षेपणात नुसती पुनरुक्ती करत नाहीत, तिच्याहून पुष्कळ हुशार संकेतन वापरतात. पण व्यवहार तोच. ‘दोन तृतीयांश’ संकेतन म्हणजे दर तीन बिट्समध्ये दोन कामाचे आणि एक संरक्षणाचा.

तिसरी खुंटी विसाव्याची. डोंगर-इमारतींवरून उशिरा येणाऱ्या लहरी पुढच्या चिन्हात घुसू नयेत, म्हणून दोन चिन्हांमध्ये थोडा काळ मोकळा ठेवतात. विसावा मोठा ठेवला तर दूरवरून आलेली परावर्तने पचतात, पण त्या काळात नवी माहिती जात नाही.

युरोपात १९९० च्या दशकात तयार झालेल्या डीव्हीबी-टी या भूप्रक्षेपणाच्या मानकात या तिन्ही खुंट्या आहेत. ८ मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यातून, खुंट्या पूर्णपणे चिवटपणाच्या बाजूला फिरवल्या, तर सेकंदाला सुमारे ४.९८ मेगाबिट माहिती जाते. त्या पूर्णपणे क्षमतेच्या बाजूला फिरवल्या, तर ३१.६७ मेगाबिट. मानक तेच, पट्टा तोच, फरक सहापटींहून अधिक. ‘डिजिटल प्रक्षेपण चांगले की वाईट’ हा प्रश्नच त्यामुळे अपुरा ठरतो. खुंट्या कुठे आहेत, हे आधी विचारायला हवे.

शॅननने घातलेली मर्यादा

ही तडजोड अभियंत्यांच्या अकुशलतेतून आलेली नाही. क्लॉड शॅननने १९४८ साली दाखवून दिले की, कोणत्याही गोंगाटाच्या मार्गावरून बिनचूक माहिती पाठवण्याच्या वेगाला एक कमाल मर्यादा असते. ती पट्ट्याची रुंदी आणि संकेत-गोंगाट गुणोत्तर यांवर अवलंबून असते. आपल्या ८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात संकेताची शक्ती गोंगाटाच्या ३ पट असेल, तर ही मर्यादा सेकंदाला १६ मेगाबिट येते. १५ पट असेल तर ३२ आणि ६३ पट असेल तर ४८. अकरावी-बारावीच्या मुलांना लॉगॅरिथम शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. डाव्या बाजूला १६, ३२, ४८ अशी साधी बेरीज आहे, तर उजव्या बाजूला शक्ती प्रत्येक पायरीला चार-पाच पट करावी लागते. क्षमता बेरजेने वाढते, किंमत गुणाकाराने.

म्हणून संकेत जिथे भरपूर आहे, अशा प्रक्षेपकाजवळच्या घरात जादा क्षमता जवळजवळ फुकट मिळते. पट्ट्याच्या टोकाला असलेल्या घरात मात्र तीच क्षमता परवडत नाही. आणि प्रक्षेपण तर दोन्ही घरांसाठी एकच असते. टेलिफोनवर पलीकडच्या माणसाला ऐकू येत नसेल तर तो ‘पुन्हा सांगा’ म्हणतो. दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकाला तशी सोय नाही. खुंट्या एकदाच, सर्वांसाठी आणि सर्वांच्या वतीने फिरवल्या जातात.

ब्रिटनमधला धडा

ब्रिटनमध्ये डिजिटल भूप्रक्षेपण १९९८ च्या शरद ऋतूत सुरू झाले. १५ नोव्हेंबर १९९८ रोजी ‘ऑनडिजिटल’ ही पैसे भरून पाहायची सेवा आली. २००१ मध्ये तिचे नाव ‘आयटीव्ही डिजिटल’ झाले. उपग्रहावरून शेकडो वाहिन्या देणाऱ्या स्पर्धकाशी गाठ होती, त्यामुळे उपलब्ध पट्ट्यांत जास्तीत जास्त वाहिन्या बसवणे हा विचार प्रबळ होता. सुरुवातीला निवडली गेली ६४-क्वाम पद्धत, दोन तृतीयांश संकेतन आणि अगदी लहान विसावा. दर पट्ट्यात सेकंदाला २४.१३ मेगाबिट.

दुसरीकडे, त्याच वेळी जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपण चालू होते. त्याला त्रास होऊ नये म्हणून डिजिटल प्रक्षेपकांची शक्ती कमी ठेवावी लागली. थोडक्यात, रांगोळी चौसष्ट ठिपक्यांची आणि चौरस लहान. परिणाम व्हायचा तोच झाला. जुन्या अँटेनांवर अनेक घरांत चित्र येईना. आले तरी घरातली विजेची उपकरणे चालू-बंद होताना किंवा रस्त्यावरून वाहन जाताना ते तुटे. मार्च २००२ मध्ये कंपनीचा कारभार प्रशासकांकडे गेला आणि १ मे रोजी तिच्या सशुल्क वाहिन्या बंद पडल्या.

येथे घाईने निष्कर्ष काढू नये. कंपनी बुडण्याची कारणे अनेक होती. फुटबॉल सामन्यांच्या हक्कांसाठी तिने ३१.५ कोटी पौंडांचा करार केला होता, तिच्या कार्डांच्या बनावट प्रती सर्रास विकल्या जात होत्या आणि स्पर्धक बलाढ्य होता. केवळ ६४-क्वाममुळे ती बुडाली असे म्हणणे ही आणखी एक अर्धसत्याची पेरणी होईल. पण प्रेक्षकांच्या तक्रारींत खराब ग्रहण हे मोठे कारण होते, यात शंका नाही.

खरा धडा पुढच्या पावलात आहे. ३० ऑक्टोबर २००२ रोजी बीबीसी आणि तिच्या भागीदारांनी ‘फ्रीव्ह्यू’ ही विनाशुल्क सेवा सुरू केली. सहापैकी चार पट्ट्यांवर ६४-क्वाम सोडून १६-क्वाम आणि तीन चतुर्थांश संकेतन घेण्यात आले. क्षमता २४.१३ वरून १८.१० मेगाबिटवर आली, म्हणजे बरोबर एक चतुर्थांश माहिती सोडून दिली. बदल्यात काय मिळाले? ग्रहणासाठी लागणारे किमान संकेत-गोंगाट गुणोत्तर, आदर्श परिस्थितीतल्या हिशेबाने, १६.५ डेसिबेलवरून १२.५ डेसिबेलवर आले. चार डेसिबेल म्हणजे अडीचपट. पूर्वी लागत होता त्याच्या अडीचपट दुबळा संकेतही आता वाचता येऊ लागला. वाहिन्या कमी झाल्या, पण फ्रीव्ह्यू घराघरात पोहोचले आणि ब्रिटनमधल्या डिजिटल भूप्रक्षेपणाचा पाया त्यावर उभा राहिला.

पुढे २००७ ते २०१२ या काळात तिथले अ‍ॅनालॉग प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद झाले. आता डिजिटलची शक्ती वाढवायला आडकाठी राहिली नाही, आणि ६४-क्वाम पद्धत परत आली. या वेळी ती चालली, कारण चौरसच मोठा झाला होता. म्हणजे १९९८ मधली निवड मुळात मूर्खपणाची नव्हती. ती त्या शक्तीला आणि त्या घरांतल्या अँटेनांना न पेलणारी होती.

चिवट, पण कशापुढे?

अमेरिकेने वेगळी वाट घेतली. तिथल्या संघीय संचार आयोगाने डिसेंबर १९९६ मध्ये स्वीकारलेल्या एटीएससी मानकात भूप्रक्षेपणासाठी खुंट्याच ठेवल्या नव्हत्या. ६ मेगाहर्ट्झचा पट्टा, ८-व्हीएसबी नावाची एकच पद्धत आणि सेकंदाला १९.३९ मेगाबिट. उच्च स्पष्टतेचे एक चित्र त्या पट्ट्यात बसावे, हा हेतू. १९९९ मध्ये सिंक्लेअर या प्रक्षेपण कंपनीने बाल्टिमोर शहरात प्रात्यक्षिके करून दाखवले की, घरातल्या साध्या अँटेनावर, इमारतींच्या परावर्तनांमध्ये, त्या वेळचे ८-व्हीएसबी संच युरोपीय पद्धतीच्या तुलनेत कमी पडतात. मोठा वाद झाला. जानेवारी २००१ मध्ये आयोगाने ८-व्हीएसबीच कायम ठेवली.

या वादाबद्दल लिहिताना एका बाजूला हुशार आणि दुसऱ्या बाजूला हट्टी ठरवण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. ८-व्हीएसबीची बाजू घेणाऱ्यांकडे सबळ मुद्दा होता. छपरावर अँटेना असलेल्या, प्रक्षेपकापासून दूरच्या ग्रामीण घरात शत्रू असतो तो गोंगाट, आणि तिथे ही पद्धत कमी शक्तीत काम भागवत होती. शहरातल्या घरात शत्रू असतात ती परावर्तने. चिवटपणा ही एकच राशी नाही. कशापुढे चिवट, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही. पुढच्या वर्षांत परावर्तने निस्तरणारे ग्राहक संच पुष्कळ सुधारले, हेही खरे. मात्र टीका करायची तर ती येथे करावी लागेल : एकदा कायम केलेली निवड नंतर बदलण्याची सोय मानकात ठेवली नव्हती. ब्रिटनला चूक सुधारता आली, कारण त्यांच्या मानकात खुंट्या होत्या. अमेरिकेत २०१७ मध्ये परवानगी मिळालेल्या एटीएससी ३.० या नव्या मानकात त्या आल्या, पण ते जुन्या संचांवर चालत नाही.

तिसरे उदाहरण बर्लिनचे. ऑगस्ट २००३ मध्ये बर्लिनने अ‍ॅनालॉग भूप्रक्षेपण पूर्ण बंद केले. तिथे उद्दिष्ट ठरवले होते ते घरात टेबलावर ठेवलेल्या छोट्या अँटेनावर चित्र दिसण्याचे. म्हणून १६-क्वाम, दोन तृतीयांश संकेतन आणि मोठा विसावा घेतला. दर पट्ट्यात अवघे १४.७५ मेगाबिट. ब्रिटनने सुरुवातीला घेतलेल्या क्षमतेच्या सुमारे ६१ टक्के. येथे आधी प्रेक्षक कुठे बसला आहे ते ठरवले आणि मग किती कार्यक्रम बसतात ते मोजले. मला हा क्रम योग्य वाटतो.

नकाशातले घर आणि खरे घर

या विषयावर लिहिताना ‘लोकसंख्येच्या इतक्या टक्क्यांपर्यंत प्रक्षेपण पोहोचले’ अशी विधाने आपण सहज उद्धृत करतो. ती कशी काढतात, हे विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. स्थिर ग्रहणाचा आराखडा करताना अँटेना जमिनीपासून १० मीटर उंचीवर, छपरावर, प्रक्षेपकाकडे तोंड करून आहे असे धरतात. पूर्वी पुण्यात सिंहगडावरच्या मनोऱ्याकडे तोंड करून गच्चीगच्चीवर अँटेना उभे असत, तसे. तोच अँटेना तळमजल्यावरच्या खोलीत आणला, तर उंची कमी झाल्याने आणि भिंतींमुळे मिळून वीस डेसिबेलच्या घरात नुकसान होते, म्हणजे साधारण शंभरपट. शिवाय एखाद्या छोट्या भागातल्या ९५ टक्के जागी चित्र मिळाले, तर तो सारा भाग ‘चांगल्या’ ग्रहणाचा मानतात. ७० टक्के जागी मिळाले, तर ‘स्वीकारार्ह’. नकाशा सगळा रंगतो. उरलेल्या पाच किंवा तीस टक्के घरांना वेगळा रंग नसतो.

अ‍ॅनालॉगच्या काळात अशा घरांना मुंग्यांचे का होईना, चित्र मिळे. आवाज तर बहुधा मिळेच. वादळाची सूचना, पुराची बातमी कानावर पडे. डिजिटलच्या कड्यापलीकडे या घरांना अर्धे चित्र मिळत नाही, काहीच मिळत नाही. म्हणून खुंटी क्षमतेकडे एक पायरी फिरवताना होणारा तोटा ‘थोडा कमी दर्जा’ अशा स्वरूपाचा नसतो. काही घरे सेवेतून पूर्णपणे वगळली जातात आणि बाकीच्यांना त्याची चाहूलही लागत नाही. तांत्रिक तक्त्यात दिसणाऱ्या तीन-चार डेसिबेलमागे हा सामाजिक प्रश्न असतो. तो विज्ञानाच्या तासाला वर्ज्य का असावा?

याचा अर्थ अ‍ॅनालॉग बरे होते, असा नव्हे. ज्या पट्ट्यात अ‍ॅनालॉगचा एक कार्यक्रम मावत होता, त्यात डिजिटलचे अनेक मावतात. चिवट बाजूला झुकलेल्या बर्लिनमध्येही ते चार मावले. माझी टीका तंत्रावर नाही, त्या तंत्राबद्दल आपण सांगत असलेल्या गोष्टीवर आहे.

तंत्र सुधारले की प्रश्न मिटतो का?

मधल्या काळात चुका-दुरुस्तीच्या संकेतनात मोठी प्रगती झाली. १९९३ मध्ये टर्बो संकेतन आले. रॉबर्ट गॅलागर यांनी १९६० च्या सुमारास मांडलेले आणि त्या वेळच्या यंत्रांना न झेपणारे संकेतनही पुन्हा उजेडात आले. ब्रिटनमध्ये डिसेंबर २००९ पासून वापरात आलेल्या डीव्हीबी-टी२ या मानकात तेच आहे. एका पट्ट्यातून तिथे २५६ ठिपक्यांची रांगोळी वापरून सेकंदाला ४०.२ मेगाबिट पाठवू लागले. दूरदर्शननेही २०१६ साली मुंबई आणि तेव्हाच्या औरंगाबादसह १६ शहरांत डीव्हीबी-टी२ प्रक्षेपण सुरू केले होते.

पण हिशेब पाहा. जुन्या पद्धतीला १६.५ डेसिबेल, म्हणजे गोंगाटाच्या सुमारे ४५ पट संकेत लागत होता. तेवढ्या संकेतात शॅननची मर्यादा सेकंदाला सुमारे ४४ मेगाबिट येते. प्रत्यक्षात मिळत होते २४. मधली जागा भरून काढणे शक्य होते आणि नव्या संकेतनाने ती बऱ्याच अंशी भरली. आता मर्यादा जवळ आली आहे. अशी दुसरी मोठी उडी याच पट्ट्यात, तेवढ्याच शक्तीत आणि एकाच अँटेनाने मिळणार नाही. आणि मिळालेल्या नफ्याचे काय करायचे, हा प्रश्न तंत्राने सुटत नाही. जादा वाहिन्या द्यायच्या, की तेवढ्याच वाहिन्या अधिक लांबच्या घरांना द्यायच्या? नवे तंत्र दरवेळी हा प्रश्न पुन्हा विचारते.

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर

आता कोकणातल्या त्या घराकडे परत जाऊ. दूरदर्शनने आपले बहुतेक अ‍ॅनालॉग भूप्रक्षेपक २०२१-२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद केले. ग्रामीण भागातल्या पुष्कळ घरांत आज चित्र येते ते डिशवरून. घरगुती छोट्या डिशसाठी वापरतात त्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. काही मिलिमीटर आकाराचे पावसाचे थेंब अशा लहरी शोषतात आणि विखुरतात. छपरावरच्या अँटेनावर येणाऱ्या लहरी याहून कितीतरी लांब, म्हणून त्यांना पाऊस फारसा अडवत नसे. तेव्हा संकेत दुबळा होण्याचे कारण लहरींची लांबी हे आहे. त्यात डिजिटलचा दोष नाही. मात्र चित्र मुंग्या न येता एकदम जाते, याचे कारण डिजिटलचा कडा हे आहे. माझ्या उत्तरात मी ही दोन कारणे एकत्र कालवली होती.

तिसरी गोष्ट मी सांगितलीच नव्हती. पाऊस किती कोसळला की चित्र जाईल, हे काही अंशी आधीच ठरलेले असते. उपग्रहाच्या डीव्हीबी-एस२ मानकात चार ठिपक्यांची क्यूपीएसके पद्धत आणि तीन चतुर्थांश संकेतन घेतले, तर सुमारे ४.० डेसिबेल पुरतात. आठ ठिपक्यांची ८-पीएसके पद्धत आणि दोन तृतीयांश संकेतन घेतले, तर एक तृतीयांश माहिती जादा बसते, पण ६.६ डेसिबेल लागतात, म्हणजे सुमारे १.८ पट संकेत. वाहिन्या वाढवायच्या असतील तर दुसरी निवड सोयीची. श्रावणातही चित्र टिकवायचे असेल तर पहिली. डिश थोडी मोठी बसवली, तर प्रेक्षकाला स्वतःच्या पदरचा खर्च करून काही डेसिबेल परत मिळवता येतात. तडजोडीची किंमत शेवटी कुणीतरी भरतोच.

वर्गासाठी

‘डिजिटल प्रक्षेपणात गोंगाट नसतो’ या वाक्याऐवजी मी आता असे सांगतो : ‘डिजिटल प्रक्षेपणात काही माहितीवर पाणी सोडून गोंगाटापासून संरक्षण विकत घेतलेले असते, ते संरक्षण संपेपर्यंत चित्र स्वच्छ दिसते.’ वाक्य लांब आहे, पण त्यातून मुलांना पुढचे प्रश्न विचारता येतात. किती संरक्षण? कोणी ठरवले? कोणासाठी?

यासाठी एक सोपा प्रयोग सुचवतो. व्हरांड्यात ४२ सेंटिमीटरचे तीन चौरस आखून त्यांत ४, १६ आणि ६४ ठिपके काढावेत आणि त्यांना क्रमांक द्यावेत. एका विद्यार्थ्याने मनात एक क्रमांक धरून त्या ठिपक्यावर नेम धरावा आणि चिकणमातीची ओली गोळी वरून सोडावी. दुसऱ्याने गोळी ज्या ठिपक्याच्या सर्वांत जवळ पडली तो क्रमांक लिहावा. प्रत्येक चौरसात पन्नास गोळ्या आधी गुडघ्याच्या उंचीवरून आणि मग खांद्याच्या उंचीवरून टाकाव्यात. उंची वाढली की नेम चुकतो. हाच आपला गोंगाट. बरोबर आलेल्या प्रत्येक क्रमांकामागे अनुक्रमे २, ४ आणि ६ बिट्स धरून तिन्ही चौरसांचे गुण मोजावेत. नंतर प्रत्येक क्रमांक तीनदा पाठवून बहुमताने ठरवावा, आणि त्यासाठी किती जास्त वेळ लागला तेही नोंदवावे. कोणता चौरस ‘सर्वांत चांगला’, याचे उत्तर उंचीप्रमाणे बदलते, हे मुलांना कुणी सांगावे लागणार नाही.

शेवटी मुलांना एक प्रश्न विचारावा : वर्गातल्या निम्म्या मुलांनी गुडघ्यावरून आणि निम्म्यांनी खांद्यावरून गोळ्या टाकायच्या आहेत, पण सर्वांनी मिळून एकच चौरस वापरायचा आहे, तुम्ही कोणता निवडाल आणि का? या प्रश्नाला गणिताचे एकच बरोबर उत्तर नाही. आपल्या वर्गात काय चर्चा झाली, ते जरूर कळवावे.